पाचारण आणि तराजू

मराठी ख्रिस्ती मंडळींत ‘पाचारण’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. बाहेरच्या माणसाला तो जुन्या दरबारी कागदातून उचलल्यासारखा वाटतो, पण अर्थ साधा आहे: बोलावणे. अमक्याने चांगली नोकरी सोडून पाळकपण का पत्करले, तमकी बाई लग्न न करता खेड्यातल्या दवाखान्यात का राहिली, याला मंडळीत ‘तिला तसे पाचारण झाले’ एवढे उत्तर पुरते आणि पुढे कोणी खोदून विचारत नाही. याच्या शेजारी ‘तुलना’ हा शब्द ठेवून पाहावा. तुलनेच्या पोटात तुला आहे, म्हणजे तराजू. तराजूला दोन पारडी लागतात आणि काटा पाहणारा कोणी तिसरा लागतो. पाचारणात मात्र बोलावणारा एक आणि ओ देणारा एक. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्राला त्याचे पुढचे काम आणि मरणही सांगितले जाते. तो लगेच मागे वळून पाहतो, योहान येताना दिसतो, आणि याचे काय, असे विचारतो. येशू त्याला जवळजवळ झिडकारतोच: त्याचे काय व्हायचे ते होईल, तू माझ्यामागून चाल. त्या मान वळवण्यात माणसाचा सगळा स्वभाव आला आहे. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात, विशेषतः 1850 ते 1920 या काळात, मान अशी वळवायला लावणाऱ्या माणसांची आणि संस्थांची वाण नव्हती. ज्यांचे काम आज उरले आहे, त्यांनी ती पुन्हा समोर कशी वळवली, हे पाहण्यासारखे आहे.

त्या काळी तराजू धरणारे हात बरेच होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे झाले. मागोमाग स्कॉटिश आले, अँग्लिकन आले. प्रत्येक मिशनचा वार्षिक अहवाल समुद्रापलीकडच्या देणगीदारांकडे जायचा आणि त्यात रकाने असायचे: बाप्तिस्मे किती, प्रभुभोजन घेणारे सभासद किती, शाळा किती. रकाना आला की शेजारचा रकाना आला. मिशनच्या नोकरीतही पायऱ्या होत्या. मास्तर, उपदेशक, पाळक, आणि सगळ्यांच्या वर परदेशी मिशनरी साहेब. दुसरीकडे पुण्यामुंबईतला सुशिक्षित हिंदू समाज आपला वेगळा काटा घेऊन उभाच होता. बाटलेल्या ब्राह्मणाने जात टाकून काय मिळवले, याचा हिशेब तो जाहीरपणे मांडत होता. या दोन तराजूंच्या मधे तीन माणसे सापडली: नीळकंठशास्त्री गोऱ्हे, पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक. तिघेही जन्माने चित्पावन, संस्कृतावर पोसलेले, पूर्ण वयात विचार करून ख्रिस्ती झालेले. एकाच वाणाचे बी म्हटल्यावर पीकही सारखे यावे, अशी पाहणाऱ्यांची अपेक्षा होती. आले तीन तऱ्हांचे.

गोऱ्हे यांचा जन्म 1825 चा. काशीत वाढलेले हे शास्त्री ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला निघाले आणि 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन बसले. पुढे त्यांनी षड्दर्शनांचे खंडन करणारा मोठा ग्रंथ हिंदीत लिहिला. ते अँग्लिकन धर्मगुरू झाले, आणि त्या पंथातही जिथे परंपरा, प्रायश्चित्त आणि धर्मगुरूंचा अधिकार यांना सर्वांत मान होता, तिकडे त्यांचा ओढा राहिला. राहणी विरक्ताची, मन शंकांनी पोखरलेले. स्वतःच्या बुद्धीची त्यांना भीती वाटत असे, आणि त्या भीतीवर त्यांनी शोधलेला उतारा म्हणजे चर्चची आज्ञा. त्यांच्याच मराठी लिखाणाने विलायतेत रमाबाईंचे मन बाप्तिस्म्याकडे वळवले, हे रमाबाईंनी स्वतः नोंदवले आहे. वाँटेजच्या मठात 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. आता गोऱ्ह्यांच्या पावलावर पाऊल ठेवून त्या चालतील, असे मठातल्या भगिनींना वाटले तर त्यात नवल नाही. उदाहरण समोर होते, तेही त्यांच्याच जातीचे, त्यांच्याच तोडीच्या विद्वानाचे.

पुढच्या दोन वर्षांत काय झाले ते रमाबाई, मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्या पत्रव्यवहारात दिसते. जेराल्डीननेच जपून ठेवलेली ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये छापली, आणि ज्याला ‘पाचारण’ म्हणजे काय हे ग्रंथातून नव्हे तर भांडणातून समजून घ्यायचे आहे, त्याने ती वाचावीत. वाद मोठ्या तत्त्वांचे होते तसेच अगदी बारीकसारीक वस्तूंचे. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिन का असावीत? मला लॅटिन येत नाही, आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असा रमाबाईंचा सवाल. ताटातले अंडे घातलेले पक्वान्न त्यांनी नाकारले, तर जेराल्डीनला त्यात जातीचा ताठा दिसला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली की त्यामुळे हिंदी समाजात तिची अब्रू जाईल. त्रैक्याच्या सिद्धान्तावर तर शब्दाशब्दाची चिरफाड झाली. या सगळ्यात भगिनींचा युक्तिवाद फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो: तुझ्याहून शहाण्या, अनुभवी माणसांनी हे मानले आहे, तू कोण? फादर गोऱ्ह्यांनीही पत्र पाठवून चर्चच्या अधिकारापुढे नमायला सांगितले. रमाबाईंनी त्यांचे ऋण कधी नाकारले नाही, पण रस्ताही घेतला नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतली ती दुसऱ्याच्या जोखडात घालायला नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मोलाचा आहे. हा हट्ट आहे, पाचारण कसले? ‘मला असे बोलावणे आले आहे’ हे वाक्य कोणत्याही अहंकाराला पांघरता येते. ज्याला कोणाचे ऐकायचे नाही तो देवाचे नाव पुढे करतो. जेराल्डीनचा आरोप हाच होता आणि ती काही दुष्ट बाई नव्हती. पण रमाबाईंच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले तर हा आरोप टिकत नाही, कारण इतकी शिकून घेणारी बाई त्या पिढीत क्वचितच झाली असेल. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी 1886 मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या शाळा, बालोद्याने, स्त्रियांच्या संघटना बारकाईने पाहिल्या. इकडे येऊन त्यांवर मराठीत पुस्तकही लिहिले. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरच्या अनाथालयांची हकिकत त्यांनी वाचली, कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या भरवशावर शेकडो मुले सांभाळता येतात हे त्यावरून घेतले, आणि पुढे आपल्या संस्थेत तो मार्ग चालवून पाहिला. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन वाचून आपल्याला धर्म मिळाला आहे पण ख्रिस्त मिळालेला नाही, हे बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांनी कबूल केले. इतक्या उशिरा, आणि इतक्या लोकांसमोर, अशी कबुली द्यायला ताठ मानेचे माणूस धजत नाही. शिकणे आणि स्वतःला मापणे या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसतात, दोन्हींत दुसऱ्याकडे पाहावे लागते. शिकणारा पाहून झाले की आपल्या कामाकडे वळतो. मापणारा पाहतच राहतो.

रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदा सदन मुंबईत 11 मार्च 1889 रोजी उघडले आणि पुढच्या वर्षी पुण्याला गेले. तिथे 1893 मध्ये जो भडका उडाला तो प्रसिद्ध आहे. रमाबाईंच्या प्रार्थनेला विधवा मुली बसतात, म्हणजे सदन हा बाटवण्याचा कारखाना, असा गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनातल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि 1896 मध्ये विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. तेव्हापासून आजतागायत एक तुलना चालत आली आहे: कर्व्यांनी हिंदू राहून, समाजाला बरोबर घेऊन जे केले, ते रमाबाईंना धर्मांतरामुळे जमले नाही. तुलना वरवर बिनतोड दिसते. खरी गोष्ट अशी की कर्व्यांनाही मुरुडकरांनी वाळीत टाकले होते, आणि समाज बरोबर यायला बरीच वर्षे जावी लागली. शिवाय दोघांच्या दारात उभ्या राहिलेल्या बायका एकच नव्हत्या. मध्य प्रांतात 1896-97 चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिथे गेल्या आणि भुकेने अर्धमेल्या, दलालांच्या हाती लागू पाहणाऱ्या मुली घेऊन आल्या. 1900 मध्ये गुजरातेतून आणखी आल्या. केडगावच्या माळावर उभे राहिलेले मुक्तिसदन या मुलींचे होते, पुण्याच्या पेठांतल्या बालविधवांचे नव्हे. ब्राह्मण विधवांची शाळा म्हणून सुरू झालेले काम कुणबी, मांग, महार, भिल्ल अशा सगळ्या मुलींचे झाले. दोन हजारांच्या घरात माणसे जेवू लागली. कर्व्यांचे माप लावले तर हा प्रवास भरकटलेला ठरेल. रमाबाईंना मात्र जे बोलावणे ऐकू येत होते त्यात जातीचा दाखला मागितलेला नव्हता.

दुसरा आक्षेप याहून टोचणारा आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. पाचारण एकीचे, पण जगायचे दोन हजार जणींनी. दुष्काळात उचलून आणलेल्या दहा वर्षांच्या पोरीला आपले बोलावणे कोणते हे कोणी विचारले होते? तिचा धर्म, तिचे नाव, तिचा दिवस तिच्या अन्नदात्रीने ठरवला. हे मान्य केले पाहिजे, आणि रमाबाईंच्या चरित्रकारांनी यावरून फार भरभर पावले उचलली आहेत. तरी एवढे म्हणता येते की मुक्तीत सगळ्यांना एका साच्यात ओतण्याची संधी एकदा अगदी हाताशी आली होती आणि ती रमाबाईंनी घेतली नाही. 1905 च्या जूनमध्ये केडगावला मोठी धार्मिक जागृती झाली. वेल्समधल्या जागृतीची बातमी इकडे आलीच होती. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, आणि पुढे काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. अशा वातावरणात साहजिकच एक माप तयार होते: जिला हा अनुभव आला ती पुढची, जिला नाही ती मागची. रमाबाईंनी जागृतीचा उघड पुरस्कार केला, पण अनोळखी भाषांत बोलणे ही सगळ्यांना लागू होणारी खूण आहे, असे त्यांनी मानले नाही. स्वतःला तो अनुभव आल्याचा दावाही केला नाही. ज्या संस्थेच्या आपण ‘आई’, तिथल्या मुलींना जे लाभले ते आपल्याला लाभले नाही, हे खुशाल तसेच राहू देणे सोपे नसते.

मग त्यांचे स्वतःचे काम काय होते? शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी एका अशा कामात घातली ज्याची, हिशेब पाहता, कोणालाच गरज नव्हती. मराठी बायबल होते. सेरामपूरला कॅरीने नवा करार 1811 मध्ये छापला होता, अमेरिकन मिशनरी आणि त्यांचे पंडित यांनी पुढे संपूर्ण बायबल केले, त्याच्या सुधारून आवृत्त्या निघत होत्या. मागे बायबल सोसायटी होती, विद्वानांची समिती होती, पैसा होता. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते की ती मराठी केडगावच्या मुलींना कळत नाही. संस्कृत शब्दांनी ती जड झाली आहे, आणि त्या शब्दांना वेदान्ताचा वास आहे. हे कोण म्हणते आहे ते लक्षात घ्यावे: कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली ती बाई. संस्कृत जिच्या जिभेवर होते तिनेच ते बाजूला ठेवले, पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली आणि शेतावरच्या बाईला कळेल असा एकेक शब्द शोधू लागली. मुक्तीत छापखाना होता. तिथे मुलीच खिळे जुळवत. मराठीबरोबर हिब्रू-ग्रीकचेही. ज्या मुलीने वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत अक्षर पाहिले नव्हते तिच्या हातात शिशाचा उलटा ‘क’. खिळा उलटा असतो, ओळ उलटी लावायची, आणि कागदावर ती सुलटी उमटायची. एकेका पानाची अशी शेकडो अक्षरे केसातून, म्हणजे खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीतून, बोटांनी उचलायची, ओळ घट्ट बसवायची, मुद्रित काढायचे, चुका पुन्हा चिमट्याने उपटायच्या. मनोरमा 1921 मध्ये गेली, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले. बायबल सोसायटीच्या भाषांतराची जागा त्याने घेतली नाही, आजही देवळात वाचले जाते ते सोसायटीचेच. तराजूने पाहिले तर हे काम हरले. पण तो तराजू त्या छापखान्यात लावायचाच तर दुसऱ्या पारड्यात काय टाकायचे, हे आधी ठरवावे लागेल: सोसायटीची समिती, की ओळ जुळवता जुळवता वाचायला शिकलेली मुलगी?

टिळकांची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण ती मराठी वाचकाला ‘स्मृतिचित्रे’मुळे ठाऊक आहे. 1861 चा जन्म, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा, अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सेवेत वीसेक वर्षे, अध्यापन, पाळकपण, ‘ज्ञानोदया’चे संपादन. आणि गीते. विलायती चालींत कोंबलेली भाषांतरित पदे गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन परत दिले. ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी त्यांचे नाव दिसते. पण त्यांची खरी कसोटी 1917 मध्ये लागली. पगार, घर, मान हे सगळे असताना त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, ख्रिस्ताच्या अनुयायांचा असा बंधुसंघ, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसतील. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी, ते वारले आणि दरबार त्यांच्याबरोबरच ओसरला. हाही हिशेबात तोटा. मात्र त्यांचा इंग्रज चरित्रकार आणि मित्र जॅक विन्स्लो याने 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम सुरू केला, तेव्हा त्याने दरबाराची नक्कल केली नाही. टिळकांपासून त्याने धीर घेतला आणि वाट आपली काढली.

टिळकांच्या निमित्ताने तिसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो न्यायाचा आहे. तुलना करूच नये म्हणणे वरच्या पायरीवरच्यांच्या सोयीचे असते. हिंदी पाळकाला एवढे आणि साहेबाला तेवढे का, हे कोणी विचारले नसते तर मिशनची पायरी कधी दिसलीच नसती. टिळकांनी स्वतः मिशनरींच्या साहेबी थाटावर आणि हिंदी ख्रिस्त्यांना लहान मूल समजण्यावर कडक टीका केली. हे मला पूर्ण मान्य आहे. पगाराची तुलना ही पगाराची तुलना आहे, ती करावीच. पण टिळकांनी साहेबाच्या बंगल्याकडे बोट दाखवून ‘मलाही तो द्या’ म्हटले नाही. अन्यायाला अन्याय म्हणून झाल्यावर ते बंगल्याची पायरी चढले नाहीत, तिच्याकडे पाठ करून साताऱ्याला गेले. भांडण दुसऱ्याच्या मापाशी होते, आपले माप त्यातून घडवायचे नव्हते.

आणि मराठी वाचक एक चौथा प्रश्न मनात ठेवून असणार: हा गीतेतला स्वधर्मच नव्हे का? परक्याचा कितीही चांगला असला तरी आपला बरा, हेच ना? शब्द जवळचे आहेत खरे, आणि ख्रिस्ती जगातही पौलाच्या पत्रांतल्या एका अध्यायाचा आधार घेऊन गुलामाला गुलामच राहायला सांगणारे पुष्कळ निघाले. परंतु स्वधर्माचा जो अर्थ एकोणिसाव्या शतकात रूढ होता तो जन्माशी बांधलेला होता. तुझे काम तुझ्या आधीच ठरलेले. लूथरने सोळाव्या शतकात चांभाराच्या आणि मोलकरणीच्या कामालाही ईश्वरी बोलावणे म्हटले, तरी त्यालाही ज्याने त्याने आपल्या जागी राहावे असेच वाटे. इथल्या माणसांनी त्या शब्दातून उलटे काढले. रमाबाईंच्या जन्माने त्यांना विधवेचा कोपरा नेमून दिला होता, गोऱ्ह्यांना काशीची गादी, टिळकांना कथेकऱ्याचे आसन. तिघेही उठून गेले. पाचारण त्यांना जागेवर बसवणारे नव्हते, जागेवरून उठवणारे होते, आणि प्रत्येकाला वेगळ्या दिशेने.

याचा सर्वांत चोख पुरावा या तिघांपैकी कोणाकडे नाही, लक्ष्मीबाई टिळकांकडे आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या झाल्या नाहीत. पाच वर्षे सोवळे सांभाळले, भांडल्या, दूर राहिल्या. पतीमागे पत्नीने जावे असे दोन्ही धर्मांतली माणसे सांगत होती. त्या गेल्या 1900 मध्ये, जेव्हा जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवला, आणि ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या हातचे पाणी प्यायल्या. शाळेचे शिक्षण नाही, नवरा महाराष्ट्राचा नावाजलेला कवी, त्यामुळे तुलनेला त्यांच्याइतके सोपे सावज दुसरे नसेल. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले होते. ते गेले तेव्हा त्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. त्या कवीच्या ओळीखाली आपली ओळ लिहायची म्हणजे वाचकाच्या हाती तराजूच देणे. लक्ष्मीबाईंनी कागद पुढे ओढला आणि उरलेल्या काव्यातले बहुतेक सगळे अध्याय लिहून काढले.